विश्लेषण : यशवंत घाडगे यांच्या हाती टॉमी गनच का होती? कार्बाइनचे प्रकार किती आणि ते कशासाठी?

नाहूर, भांडुप, मुलुंड भागातून गणपतीला कोकणात निघालेल्या गाड्यांचा माणगावात खोळंबा होणे नवे नाही. मुंबई-गोवा महामार्गावरच्या या गावात एका सैनिकाचा पुतळा आहे. नाईक यशवंत घाडगे, ५ मराठा लाइट इन्फंट्री, व्हिक्टोरिया क्रॉस. वाहतूक कोंडीत अडकलेल्या अनेकांना हे नाव ऐकून माहीत असते, पण इटलीतल्या एका टेकडीवर त्यांनी नेमके काय केले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १० जुलै १९४४ रोजी, वयाच्या २२ व्या वर्षी घाडगे यांनी एकट्याने जर्मन मशीनगनचे ठाणे घेतले आणि तिथेच त्यांना मृत्यू आला. त्या दिवशी त्यांच्याकडे लांब नळीची रायफल नव्हती, आखूड नळीची टॉमी गन होती. लष्कराच्या तेव्हाच्या भाषेत तिला मशीन कार्बाइन म्हणत. हे हत्यार त्यांच्याकडेच का होते, त्याने कुठे साथ दिली आणि कुठे सोडली, हे पाहिले की कार्बाइन म्हणजे काय आणि तिचे इतके प्रकार का झाले, हेही उलगडते.

यशवंत घाडगे कोण होते?

घाडगे यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ रोजी पळसगाव येथे झाला. हे गाव माणगाव तालुक्यात आहे. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, आज रायगड. मुंबई इलाख्यातील कोकण आणि देशावरच्या गावांतून मराठा पलटणींमध्ये भरती होण्याची परंपरा जुनी होती. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण १७६८ मध्ये उभी राहिली, तीच जंगी पलटण. १९२२ च्या फेररचनेत जुन्या मराठा पलटणी एका छत्राखाली आणून ५ मराठा लाइट इन्फंट्री हे नाव देण्यात आले. इंग्रज मराठा हा शब्द रोमन लिपीत जरा विचित्र पद्धतीने लिहीत, त्यामुळे जुन्या कागदपत्रांत रेजिमेंटचे नाव शोधताना आजही गफलत होते.

घाडगे या रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात या पलटणीने १९४१ मध्ये आफ्रिकेतील इरिट्रियात केरेनची कडवी लढाई लढली होती. पुढे ती १० व्या भारतीय डिव्हिजनचा भाग म्हणून इटलीत उतरली. घाडगे नाईक होते, म्हणजे दोन फितींचे अधिकारपद. इन्फंट्रीत सर्वांत लहान लढाऊ तुकडी म्हणजे सेक्शन. साधारण १० जवानांची ही तुकडी तेव्हा नाईकाच्या हुकमाखाली असे. कागदावर हे पद लहान वाटते. गोळीबार सुरू झाला की मात्र पुढे कधी सरकायचे, आडोसा कुठे घ्यायचा, कोणी कुठून मारा करायचा हे त्या क्षणी नाईकच ठरवत असे.

त्यांच्या बालपणाविषयी आणि घरच्या परिस्थितीविषयी बरेच काही सांगितले जाते. त्यात दंतकथेचा भाग किती, हे वेगळे काढणे अवघड असल्याने ते इथे बाजूला ठेवलेले बरे. युद्धातल्या त्या एका दिवसाची हकिकत मात्र पदकाच्या अधिकृत नोंदीत स्पष्ट आहे.

१० जुलै १९४४ रोजी काय घडले?

४ जून १९४४ रोजी रोम दोस्त राष्ट्रांच्या हाती आले. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागले. पण ते पळत नव्हते. प्रत्येक टेकडीवर, प्रत्येक वळणावर थोडे थांबून, पाठलाग करणाऱ्यांचे जमेल तेवढे नुकसान करून मागच्या टेकडीवर जायचे, ही त्यांची पद्धत होती. उत्तरेला संरक्षणाची पक्की फळी तयार होईपर्यंत त्यांना वेळ हवा होता. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पेरूजाच्या उत्तरेला माँतोनेच्या परिसरात, १० व्या भारतीय डिव्हिजनला हाच अनुभव येत होता. डोंगरउतार, झाडी आणि दगडी शेतघरांचा हा मुलूख. लांबवर नजर पोहोचते असे वाटते आणि शत्रू प्रत्यक्षात हाकेच्या अंतरावर निघतो.

१० जुलैला मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका कंपनीने जर्मनांच्या भक्कम मोर्चावर हल्ला चढवला. घाडगे यांचा सेक्शन पुढे सरकत असताना अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. काही क्षणांत सेक्शनमधला प्रत्येक जवान ठार किंवा जखमी झाला. उभे राहिले फक्त घाडगे.

इथे आडोसा घेऊन मागच्या तुकडीची वाट पाहिली असती तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. पण मशीनगन चालू असेपर्यंत जखमींना हलवणे शक्य नव्हते आणि कंपनीचा हल्लाही तिथेच अडकला असता. सोबतीला कोणी उरलेले नाही हे माहीत असूनही घाडगे मशीनगनच्या दिशेने धावले. आधी त्यांनी ग्रेनेड फेकला. त्याने मशीनगन निकामी झाली आणि ती चालवणारा ठार झाला. मग टॉमी गनने त्यांनी तिथल्या आणखी एका सैनिकाला टिपले. अजून दोघे बाकी होते. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. घाडगे यांनी बंदूक उलटी करून नळीकडून धरली आणि तिच्याच घावांनी त्या दोघांना संपवले.

ठाणे हातात आले. पण जवळच दबा धरून बसलेल्या शत्रूच्या स्नायपरनी त्यांना टिपले. एकट्याने घेतलेल्या त्या ठाण्यातच त्यांनी प्राण सोडला.

ही सगळी घटना काही मिनिटांची. कदाचित मिनिटाहूनही कमी वेळाची. त्यात मशीनगन, ग्रेनेड, टॉमी गन, बंदुकीचा दस्ता आणि स्नायपरची रायफल असा क्रम लागला. प्रत्येक हत्यार वेगळ्या अंतरासाठी आणि वेगळ्या कामासाठी बनलेले.

टॉमी गनला कार्बाइन का म्हणायचे?

कार्बाइन हा मूळचा घोडदळाचा शब्द. पायदळाची लांब बंदूक घोड्यावर बसून सांभाळता येत नाही. लगाम एका हातात, बंदूक दुसऱ्या हातात, आणि नळी घोड्याच्या मानेला किंवा शेजारच्या स्वाराला लागणार. म्हणून त्याच बंदुकीची नळी आखूड करून, वजन कमी करून स्वारांना दिली गेली. तीच कार्बाइन. म्हणजे कार्बाइन हे एखाद्या यंत्रणेचे नाव नव्हे. मोठ्या हत्याराचे आखूड रूप, एवढाच त्याचा अर्थ. एकेकाळी जवळपास प्रत्येक लष्करात एक रायफल पायदळाची आणि तिचीच आखूड बहीण घोडदळाची, अशी जोडी असे.

ब्रिटिशांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही जोडी मोडली. लांब ली-एनफिल्डची नळी ३० इंचांहून थोडी अधिक, तर घोडदळाच्या कार्बाइनची सुमारे २१ इंच होती. दोघींच्या मधली २५.२ इंच नळीची एकच रायफल त्यांनी सर्वांना दिली. आपल्याकडे थ्री-नॉट-थ्री म्हणून जी ओळखली जाते, ती हीच. पोलीस ठाण्यांत, बँकांच्या दारात, एनसीसीच्या कवायतीत भारतीयांच्या अनेक पिढ्यांनी ती पाहिली आहे. ती लांब वाटते खरी, पण जन्माने ती तडजोडीची रायफल आहे.

नंतर पहिल्या महायुद्धातल्या खंदकांनी नवी गरज निर्माण केली. चिंचोळ्या खंदकात लांब रायफल वळवता येत नाही आणि एक गोळी झाडून बोल्ट ओढेपर्यंत समोरचा अंगावर येतो. पिस्तुलाची गोळी वापरून मशीनगनसारखा सलग मारा करणारे छोटे हत्यार हवे होते. अमेरिकेत जॉन थॉम्प्सन यांनी त्यावर काम केले. पण त्यांची बंदूक बाजारात आली १९२१ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर. पहिली काही वर्षे ती दारूबंदीच्या काळातल्या टोळ्यांमुळेच जास्त गाजली. लष्करी मान तिला मिळाला तो दुसऱ्या महायुद्धात. योगायोग असा की थॉम्प्सनची पहिली विक्रीची बंदूक आणि यशवंत घाडगे यांचा जन्म एकाच वर्षातला.

अमेरिकन या हत्याराला सबमशीन गन म्हणत. ब्रिटिश लष्कराने मात्र कागदोपत्री मशीन कार्बाइन हा शब्द रूढ केला आणि तो भारतीय सैन्यातही आला. ब्रिटिश सैन्य पुढे हा शब्द विसरले. भारताने तो टिकवला. म्हणूनच पिस्तुलाची गोळी झाडणाऱ्या ९ मिमी स्टर्लिंग जातीच्या बंदुकीला आपल्याकडे पोलीस आणि जवान आजही सरळ कार्बाइनच म्हणतात. परदेशी पुस्तकात कार्बाइन वाचून वेगळेच चित्र डोळ्यांसमोर येते आणि गोंधळ होतो, त्याचे कारण हे आहे.

नळी आखूड केली की काय मिळते, काय जाते?

गोळीला वेग मिळतो तो काडतुसातल्या दारूच्या वायूमुळे. नळी जितकी लांब, तितका जास्त वेळ तो वायू गोळीला मागून ढकलतो. नळी कापली की गोळी लवकर बाहेर पडते, वेग घटतो आणि न जळलेली दारू तोंडाशी भडकते. त्यामुळे आवाज आणि ज्वाळा वाढतात. बंदूक हलकी केल्याने तीच गोळी खांद्याला जास्त धक्का देते. नळीवर बसवलेल्या पुढच्या आणि मागच्या माशीतले अंतरही कमी होते. दूरवरच्या नेमात छोटी चूकही मग मोठी होते.

बदल्यात काय मिळते? दारातून आत शिरताना नळी चौकटीला अडत नाही. गाडीतून, विमानातून, झाडीतून वावरता येते. हत्यार पटकन खांद्याला लागते. दिवसभर चालून थकलेल्या माणसाला एक-दीड किलो कमी वजनाचे मोल सांगावे लागत नाही.

गोळीचा फरक याहून मोठा. थ्री-नॉट-थ्रीची गोळी सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने निघते आणि तिची ऊर्जा तीन हजार ज्यूलच्या वर असते. टॉमी गनची .४५ पिस्तूल गोळी जाड आणि जड, पण तिचा वेग सेकंदाला सुमारे २८० मीटर आणि ऊर्जा सहाशे ज्यूलच्या आसपास. म्हणजे रायफलच्या पाचव्या हिश्श्याएवढी. रायफलने कसलेला नेमबाज शेकडो मीटरवर मारा करतो. टॉमी गनचा खरा उपयोग पन्नास-शंभर मीटरच्या आतला.

पण त्या पन्नास मीटरमध्ये चित्र उलटते. बोल्ट ओढून चालवायच्या ली-एनफिल्डने प्रशिक्षित जवान मिनिटाला साधारण १५ नेमक्या गोळ्या झाडतो. टॉमी गनचा वेग मिनिटाला सुमारे ६०० ते ७०० गोळ्यांचा. अंगावर येणाऱ्या माणसापुढे दुसऱ्या गोळीसाठी बोल्ट ओढावा लागणे, हा फरक जगण्या-मरण्याचा असतो.

मग सेक्शनमध्ये ती एकाकडेच का?

कारण सेक्शन ही हत्यारांची वाटणी होती. बहुतेक जवानांकडे ली-एनफिल्ड रायफल, दोघा-तिघांच्या गटाकडे ब्रेन ही हलकी मशीनगन आणि कमांडरकडे मशीन कार्बाइन. ब्रेनने दूरवरून शत्रूला मान खाली घालायला लावायची, रायफलवाल्यांनी त्या आडून पुढे सरकायचे. कमांडरचे काम नेम धरून बसण्याचे नव्हते. त्याचे डोळे आपल्या माणसांवर आणि शत्रूवर आळीपाळीने फिरायला हवेत, एक हात खुणेला मोकळा हवा. शेवटच्या काही मीटरांत तोच सर्वांत पुढे असणार, म्हणून त्याला जवळचे हत्यार. १० जुलैला या वाटणीतला बाकी सगळा भाग काही सेकंदांत नाहीसा झाला. उरले ते फक्त शेवटच्या काही मीटरांसाठीचे हत्यार आणि ते बाळगणारा माणूस. ते अंतर त्यांना मागे कोणाचाही आधार नसताना पार करायचे होते.

इटलीतल्या आठव्या आर्मीत थॉम्प्सन टिकून राहिली. इतरत्र ब्रिटिशांनी तिच्या जागी स्टेन आणली होती. कारण पैशाचे. १९३९ मध्ये एक थॉम्प्सन दोनशे डॉलरच्या घरात पडत असे. सोपी करत करत १९४४ पर्यंत ती सुमारे ४५ डॉलरवर आली. पत्र्याची आणि नळीची स्टेन दहा डॉलरच्या आसपास तयार होई. थॉम्प्सनला स्टेनच्या तुलनेत नाजूक कोणी म्हणणार नाही. रिकामी असताना तिचे वजन साडेचार किलोच्या वर भरते, म्हणजे पूर्ण लांबीच्या रायफलहूनही जास्त. कार्बाइन म्हणजे हलकी, हा नियम इथे मोडतो. तिच्यात आखूडपणा होता, हलकेपणा नव्हता.

मॅगझिन का संपले?

थॉम्प्सनचे सरळ मॅगझिन २० किंवा ३० गोळ्यांचे असे. मिनिटाला ७०० च्या वेगाने २० गोळ्या दोन सेकंदांच्या आत संपतात. ३० असल्या तरी तीन सेकंद पुरत नाहीत. प्रत्यक्षात जवान छोटे झटके देत गोळ्या झाडतात, तरीही धावताना, श्वास फुललेला असताना किती गोळ्या गेल्या हे मोजत राहणे जवळपास अशक्य. रिकामे मॅगझिन काढायचे, कमरेच्या पाऊचमधून दुसरे काढून बसवायचे. सरावाच्या मैदानावर याला काही सेकंद लागतात. शत्रू दोन हातांवर उभा असताना ते काही सेकंद कुठून आणायचे?

कार्बाइनच्या प्रत्येक प्रकाराची किंमत कुठेतरी चुकवावी लागते. टॉमी गनची किंमत गोळ्यांच्या भुकेत होती. घाडगे यांना ती नेमकी त्या क्षणी मोजावी लागली. त्यांनी बंदूक नळीकडून धरली. लाकडी दस्ता आणि जाड पोलादाचा तो जडपणा, ज्याबद्दल जवान लांबच्या चालीत कुरकुर करत, तोच शेवटी कामी आला.

नामदेव जाधव यांच्या बाबतीत काय झाले?

नऊ महिन्यांनी, ९ एप्रिल १९४५ रोजी, इटलीतच सेनिओ नदीच्या काठी याच रेजिमेंटला दुसरा व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पहिल्या पलटणीतील नामदेव जाधव हे नगर जिल्ह्यातले. त्यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९२१ चा. घाडगे यांच्यापेक्षा ते फक्त दोन दिवसांनी लहान. ते कंपनीचे निरोप्ये होते. दोन जखमी साथीदारांना त्यांनी माऱ्यातून उचलून मागे आणले आणि मग एकटेच मशीनगनच्या ठाण्यांवर चालून गेले. पहिले ठाणे त्यांनी टॉमी गनने गप्प केले. पण हाताला गोळी लागली, टॉमी गन चालवता येईना. त्यांनी ती टाकून दिली आणि पुढचे काम ग्रेनेडने पार पाडले.

एकच रेजिमेंट, एकच देश, एकच हत्यार, आणि दोन्ही वेळा ते मध्येच निरुपयोगी झाले. एकदा गोळ्यांमुळे, एकदा हातामुळे. जाधव वाचले. स्वतंत्र भारतात ते १९८४ पर्यंत जगले. घाडगे यांना ते भाग्य लाभले नाही.

त्याच काळात दुसऱ्या कोणत्या कार्बाइन होत्या?

घाडगे यांच्या मृत्यूच्याच वर्षी ब्रिटनमध्ये ली-एनफिल्डचे एक नवे आखूड रूप तयार होऊ लागले. त्याचे अधिकृत नाव नंबर ५, लोकांच्या तोंडी जंगल कार्बाइन. नळी पावणेएकोणीस इंचांवर आणली, लाकूड कापले, वजन सव्वातीन किलोच्या आसपास उतरवले. तोंडाशी ज्वाळा लपवायला शंकूच्या आकाराची टोपी आणि धक्का सोसायला दस्त्याला रबराची गादी बसवली. पूर्वेकडील जंगलांतल्या लढाईसाठी ती आखली होती. गोळी मात्र पूर्ण ताकदीची थ्री-नॉट-थ्रीच. त्यामुळे खांद्याला सपाटून मार बसे. नेम एकदा जुळवला तरी तो टिकत नाही, अशी तक्रार जवानांकडून येत राहिली. १९४७ मध्ये तिचे उत्पादन थांबले. दिसायला देखणी आणि चालवायला त्रासाची, अशी तिची ख्याती संग्राहकांमध्ये आजही आहे.

अमेरिकनांनी वेगळा मार्ग धरला. रायफल कापण्याऐवजी त्यांनी मधल्या ताकदीची गोळीच नवी केली. एम-१ कार्बाइनची नळी १८ इंच, वजन अडीच किलोच्या आत, मॅगझिन १५ गोळ्यांचे. गोळीची ऊर्जा सुमारे तेराशे ज्यूल, म्हणजे टॉमी गनच्या दुप्पट आणि रायफलच्या निम्म्याहून कमी. ही बंदूक आघाडीवरच्या पायदळासाठी नव्हतीच. ड्रायव्हर, तोफखान्यातले जवान, सिग्नलवाले, अधिकारी यांचे मुख्य काम दुसरे असते. पिस्तुलाने त्यांना स्वसंरक्षण जमत नव्हते आणि रायफल अडचणीची होत होती. त्यांच्यासाठी ही होती. मग एकाच बंदुकीला फांद्या फुटल्या. पॅराशूटने उडी मारणाऱ्यांसाठी घडीच्या दस्त्याची एम-१ए१. सलग माऱ्यासाठी एम-२, तिच्यासोबत ३० गोळ्यांचे मॅगझिन. रात्री दिसावे म्हणून इन्फ्रारेड दुर्बिणीची एम-३. एका हत्यारातून वेगवेगळ्या कामांची वेगवेगळी रूपे कशी निघतात, याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

घाडगे यांच्या पलटणीच्या हाती पुढे काय आले?

तिसरी मराठा पलटण पुढे पॅराशूट दलाकडे वळली आणि १९५२ मध्ये २ पॅरा (मराठा) झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी बांगलादेशात टांगाईल येथे झालेली प्रसिद्ध हवाई उडी याच पलटणीची. त्या काळात भारतीय पायदळाकडे ७.६२ मिमी सेल्फ लोडिंग रायफल आणि ९ मिमी कार्बाइन अशी जोडी होती. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत बनणारी ही कार्बाइन म्हणजे स्टर्लिंगचे भारतीय रूप. नळी आठ इंचांहून कमी, वजन पावणेतीन किलोच्या घरात, मॅगझिन ३४ गोळ्यांचे आणि दस्ता घडी करता येणारा. टॉमी गनचे काम तिने निम्म्या वजनाच्या आसपास केले. मर्यादा मात्र तीच, पिस्तुलाच्या गोळीची. चिलखती जाकीट सर्रास झाल्यावर ती गोळी अपुरी पडू लागली.

पुढे पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये रूपांतर झालेल्या पलटणींकडे एम-४ आणि इस्रायली टॅव्होर आल्या. एम-४ म्हणजे एम-१६ रायफलची आखूड आवृत्ती. नळी २० इंचांवरून साडेचौदा इंच, गोळी तीच ५.५६ मिमी. वेग काहीसा घटतो, पण गोळी रायफलचीच राहते आणि वर दुर्बीण, टॉर्च, आवाज कमी करणारी नळी जे हवे ते बसवता येते. कार्बाइनचा अर्थ फिरून पुन्हा घोडदळाच्या मूळ अर्थापाशी आला, तो असा.

मुंबईकरांना हा फरक २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कळला. नाहूरची लोकल जिथे शेवटी थांबते त्या सीएसएमटी स्थानकात पोलिसांच्या हाती असलेल्या जुन्या थ्री-नॉट-थ्रीपुढे हल्लेखोरांकडे स्वयंचलित रायफली होत्या. थ्री-नॉट-थ्रीची गोळी कमकुवत नव्हती. पण फलाटावरच्या अंतरात, एकेक गोळीसाठी बोल्ट ओढत, तिचा तो जोर कामाचा नव्हता.

नव्या कार्बाइन कुठे बनतात?

यातली बरीचशी घडामोड महाराष्ट्रातच आहे. पुण्यातील पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने जेव्हीपीसी ही संरक्षक कार्बाइन तयार केली. डिसेंबर २०२० मध्ये तिच्या लष्करी चाचण्यांचा अंतिम टप्पा पूर्ण झाला. वजन सुमारे तीन किलो, परिणामकारक पल्ला शंभर मीटरहून अधिक. तिची गोळी ५.५६×३० मिमी, म्हणजे पिस्तूल आणि रायफल यांच्या मधली. व्हीआयपी सुरक्षा आणि दहशतवादविरोधी कारवाया डोळ्यांसमोर ठेवून ती आखली आहे. बंदूक कानपूरला बनते, गोळ्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. पूर्ण ताकदीच्या ५.५६×४५ मिमी गोळीची जवळच्या लढाईसाठीची कार्बाइनही याच प्रयोगशाळेने आखली असून तिच्या उत्पादनात पुण्याची भारत फोर्ज कंपनी आहे. दोन्ही पुण्याच्या, दोन्ही कार्बाइन, आणि तरी एकीचे काम दुसरी करणार नाही.

घाडगे यांची स्मृती कुठे आहे?

नोव्हेंबर १९४४ मध्ये त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. भारतीय सैनिकांना हे पदक मिळण्याची मुभाच मुळी १९११ पासूनची. घाडगे यांचे पदक त्यांच्या तरुण पत्नीने स्वीकारले. इटलीच्या मोहिमेत दिल्या गेलेल्या २० व्हिक्टोरिया क्रॉसपैकी सहा भारतीय सैनिकांचे होते. त्या मोहिमेत ५,७८२ भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले.

स्वातंत्र्यानंतर या माणसांची आठवण अवघड जागी अडकली. ज्या वर्षांत कुलाब्यापासून साताऱ्यापर्यंत लोक इंग्रजांविरुद्ध उभे होते, त्याच वर्षांत त्याच जिल्ह्यांतले तरुण इंग्रजांच्या गणवेशात फॅसिझमशी लढत होते. पाठ्यपुस्तकांनी पहिल्यांना जागा दिली, दुसऱ्यांबाबत बहुधा मौन पाळले. माणगावने मात्र आपला माणूस विसरला नाही.

ज्यांच्या अखेरच्या विसाव्याचा ठिकाणा नाही अशा राष्ट्रकुल सैनिकांची नावे इटलीत कसिनो स्मारकावर कोरलेली आहेत, त्यांत घाडगे यांचे नाव आहे. जुलै २०२३ मध्ये माँतोनेच्या नगरपालिकेने आणि इटालियन इतिहास अभ्यासकांनी त्यांच्या नावाचे स्मारक उभारले, भारताच्या राजदूत त्यावेळी उपस्थित होत्या. हे स्मारक म्हणजे एक सौर घड्याळ आहे. आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत, अशा अर्थाचे लॅटिन ब्रीद त्यावर आहे.